बसला, म्हणजे बुडला नव्हे

आमच्या सडक अर्जुनीकडे कोणी विचारलं, "काका, नोकरी कुठं केली?" आणि मी म्हटलं, "जहाजाच्या कारखान्यात," की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग समोरच्या धानाच्या बांध्यांकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "बिरसीले काय?" बिरसीला आमच्या जिल्ह्याचं विमानतळ आहे, आणि तो असं विचारतो कारण आमच्या भागात हिंदीचा असा शेजार, की जहाज म्हटलं की लोकांना विमानच आठवतं. मी म्हणतो, "नाही जी, पाण्यातलं जहाज." मग तो आणखी हळू आवाजात विचारतो, "तब्येत बरी आहे ना?"

तब्येत उत्तम आहे. पंचाहत्तरी आली, पण चष्म्याशिवाय पेपर वाचतो, आणि वेल्डरसाठी ही काही लहान गोष्ट नाही. पस्तीस वर्षं मी समुद्रकाठच्या एका गावात जहाजांचे पत्रे जोडले. त्या गावाचं आणि कारखान्याचं नाव मी लिहिणार नाही. लढाईच्या दिवसांत आम्हाला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि तोंड उघडायला कोणी सांगितल्याचं मला अजून तरी आठवत नाही.

पण या सगळ्याची सुरुवात समुद्रावर नाही झाली. ती झाली आमच्या गावच्या तलावावर, माझ्या बापासमोर.

आम्ही ढिवर. तलावातली मासोळी हा आमचा धंदा, आणि माझे वडील पैकूबाबा डोंगे बनवायचे. डोंगा म्हणजे एकाच जाड खोडाची नाव. खोड आडवं पाडायचं आणि वासल्यानं, म्हणजे लाकूड तासायच्या हत्यारानं, आतून कोरत जायचं. नकाशा नाही, फूटपट्टी नाही. बाबा बोटांच्या गाठींनी खोडावर टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "इथं अजून जाड आहे." तेवढं मोजमाप त्यांना पुरायचं.

डोंगा झाला की आमच्या घरची एक रीत होती. तो पाण्यात सोडायचा, आणि कोणीही चढायचं नाही. बाबा काठावर उकिडवे बसून एक डोळा मिटून बघत राहायचे. डोंगा पाण्यात सरळ आहे, पुढंमागं नाही, कुठल्या अंगावर कलत नाही, अशी खात्री झाली की ते मोठ्यानं ओरडायचे, "बसला!" हा शब्द पडल्यावरच माणसानं आत पाय ठेवायचा. बाबांनी "बसला" म्हटलेला डोंगा आमच्या पाच-सहा तलावांत कधी उलटला नाही. ज्याला ते तसं म्हणाले नाहीत तो त्यांनी पुन्हा काठावर ओढून घेतला, आणि गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी तासत बसले.

मी आयटीआयला वेल्डिंग शिकलो आणि जहाजाच्या कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा घरात जे झालं ते अजून माझ्या कानांत आहे.

"कायचे जहाज बनवतेत थे?" बाबांनी विचारलं.

"लोखंडाचे."

"लोखंड बुडते."

"नाही बाबा, पोकळ केलं तर तरंगते. तुम्ही नाही का लाकूड कोरून पोकळ करत?"

"लाकूड पोकळ नाही केलं तरी तरंगते," बाबा म्हणाले. "गेल्या साली तुह्या काकाची कुऱ्हाड पडली तरावात. अजून निंगाली नाही."

आयटीआयच्या पुस्तकात कुऱ्हाडीचा धडा नव्हता. आई मध्ये पडली, "जाऊ द्या ना जी, पोराचं मन आहे." बाबांनी बिडी विझवली आणि अट घातली.

"जा. पन एक दिवस लोखंडाचा डोंगा आपल्या तरावात बसवून दाखवजो. बसला त तू तुह्या वाटंनं मोकळा. नाही बसला त नौकरी सोडजो आन् हा वासला धरजो."

मी तोऱ्यात "हो" म्हणालो. एकोणीस वर्षांच्या पोट्ट्याला "हो" म्हणायला काय लागतं! पण आमच्या घरात दिलेला शब्द परत घेत नाहीत, आणि बाबा विसरणाऱ्यांपैकी नव्हते.

*

कारखान्यात माझे फोरमन होते तांडेल. बुटके, रुंद, जन्म समुद्रावरचा, आवाज असा की हातोड्यांच्या गदारोळातही पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "गाव कुठलं रे?" मी म्हणालो, "गोंदिया जिल्हा." तेव्हापासून माझं मनीराम हे नाव पगारपत्रकापुरतं उरलं. तांडेल मला "ए गोंदिया!" अशीच हाक मारायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वेल्डिंग म्हणजे ठिणग्या. ठिणग्या तर फुलबाज्याही उडवतात. खरं काम आहे आच सांभाळायचं. पत्र्याला एका जागी आच लागली की तो फुगतो आणि थंड होताना ओढला जातो. एका बाजूनं सलग जोड मारत गेलात तर अख्खा पत्रा पिळून निघतो. म्हणून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, थोडं पुढं, थोडं मागं, असं करत जायचं. तांडेल म्हणायचे, "दोन सुनांना वाढतोस असं समज, गोंदिया. एकीला भरभरून वाढलंस तर दुसरी घर वाकडं करील." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते नको तेव्हा विसरलो.

जोड पक्का आहे की नाही हे बघायची युक्ती तर इतकी साधी, की ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. जोडाच्या एका बाजूला चुन्याचा हात मारायचा, वाळू द्यायचा. दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावायचं. केसाएवढी जरी फट असेल तरी रॉकेल तिच्यातून शिरतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळपट डाग उमटतो. एवढी मोठाली जहाजं, मोठाले साहेब, आणि शेवटचा निकाल चुना अन् रॉकेलच्या हातात. मला हे फार आवडलं. या दोन्ही वस्तू आमच्या घरातही होत्या.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यापासूनच लढाईचे वारे वाहू लागले आणि कारखान्याचा नूर पालटला. खिडक्यांच्या काचांना काळा रंग, दारात वाळूची पोती, रजा बंद. जिकडेतिकडे पाट्या, की इथलं बाहेर बोलू नका. आईचं पत्र आलं, गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं: "रेडिओवर लढाई सांगून राहिले. तू जहाज जोडजो, पण जोडलेल्या जहाजात बसू नकोस." मी ते तांडेलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुझ्या आईला कारखान्यात घ्यायला पाहिजे. तपासणीवर."

लढाईत तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं आली. मासेमारीच्या काही मोठ्या होड्या सरकारी कामाला घेतल्या होत्या आणि त्यांना वरपासून खालपर्यंत राखाडी रंग द्यायचा हुकूम होता. एका होडीचा मालक रंगाऱ्यासमोर हात पसरून उभाच राहिला. त्याच्या होडीच्या नाकाडावर देवीच्या नावानं लाल पट्टा होता. "हा पुसलात तर ती मला ओळखणार कशी?" असं म्हणत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. हुकूम तर हुकूम. शेवटी आमच्या रंगाऱ्यानं डोकं चालवलं. त्यानं लाल पट्टा नवा करकरीत काढून दिला, वाळू दिला, आणि मग त्यावर राखाडी फासला. मालकाला म्हणाला, "आत आहे. देवीला रंगाच्या आतलं दिसतं, साहेबाला दिसत नाही." मालकानं त्याला दुसऱ्या दिवशी टोपलीभर पापलेट आणून दिले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. राखाडी रंगावर टीका करणारा त्या दिवशी कारखान्यात एकही उरला नाही.

*

आता तो फोन.

तळाला चीर पडलेलं एक जहाज आमच्या ड्रायडॉकमध्ये आलं होतं. ड्रायडॉक म्हणजे समुद्राला लागून बांधलेला भलामोठा हौद. जहाज आत घ्यायचं, फाटक लावायचं, पंपानं पाणी उपसायचं. जहाज खाली रचलेल्या लाकडी ठोकळ्यांवर टेकतं आणि आपण त्याच्या पोटाखाली शिरून काम करायचं. काम संपलं की व्हॉल्व्ह उघडून हळूहळू पाणी सोडायचं आणि जहाज तरंगू द्यायचं. हाच सगळ्यात धाकधुकीचा वेळ. एखादा जोड गळाला तर पाणी आत.

हे जहाज लवकरात लवकर बाहेर पाहिजे होतं. सगळे मोठे साहेब ऑफिसात फोनपाशी बसले होते. तांडेल जहाजाच्या पोटात, आमच्या जोडापाशी बॅटरी घेऊन. आणि वर, डॉकच्या काठावरच्या फोनपाशी मी. काम एवढंच, की तांडेल खालून ओरडतील ते ऑफिसला सांगायचं.

पाणी चढलं. जहाज थरथरलं. ठोकळ्यांवरून अलगद सुटलं आणि असं काही सरळ उभं राहिलं, की काय सांगू! ना इकडे कललं, ना तिकडे. खालून तांडेलांचा आवाज आला, "कोरडं! सगळं कोरडं!" तो जोड मी मारला होता. मी फोन उचलला आणि माझ्या तोंडातून माझा बाप बोलला.

"बसला साहेब! मस्त बसला!"

पलीकडून आवाज आला, "कोण बसला?"

"जहाज, साहेब! पाण्यात बसलं!"

पलीकडे काही तरी खाली पडल्याचा आवाज झाला. बहुधा खुर्ची. आणि मग, बापा रे बापा, धोक्याची घंटा सुरू झाली. व्हॉल्व्ह बंद. आग विझवायची गाडी आली. डॉक्टर आले. कँटीनमधली माणसं हातात भजी घेऊन धावत आली. मोठे साहेब तर अनवाणी आले, कारण ऑफिसात ते चपला काढून बसायचे. सगळे काठावर उभे, आणि समोर जहाज मजेत तरंगतंय.

"कुठे बसलंय?" मोठ्या साहेबांनी मला विचारलं.

"हे काय, समोर. किती छान बसलंय बघा ना."

तोवर तांडेल वर आले. घंटेमुळे त्यांना वाटलं होतं, जहाजाच्या दुसऱ्या कुठल्या भागात पाणी शिरलं. चेहरा पांढराफटक. सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. त्यांच्याकडे जहाज बसलं म्हणजे तळाला गेलं. आमच्याकडे बसलं म्हणजे पाण्यानं त्याला जागा दिली. मी बाबांची सगळी रीत, ते उकिडवं बसणं, ते एक डोळा मिटणं, सगळं मोठ्या साहेबांना करून दाखवलं. मला वाटलं, नोकरी गेली. आणि नोकरी गेली असती तर डोंगा पाण्यात न घालताच बाबा अट जिंकले असते, हेही त्याच वेळी मनात येऊन गेलं.

मोठ्या साहेबांनी फक्त एक प्रश्न विचारला. "मग तुमच्याकडे बुडलं तर काय म्हणतात?"

"बुडलं म्हणतात, साहेब."

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी तोंड फिरवलं, आणि त्यांचे खांदे हलत होते हे सगळ्यांनी बघितलं. मला लेखी ताकीद मिळाली: सदर कर्मचाऱ्यानं यापुढे टेलिफोनला हात लावू नये. ती मी जपून ठेवली आहे.

गंमत पुढं आहे. त्यानंतरचं जहाज पाण्यावर आलं तेव्हा कोणीतरी गमतीनं ओरडलं, "बसला!" त्याच्या पुढच्या वेळी दहा जण ओरडले. लढाई संपता संपता तर असं झालं, की जहाज तरंगलं तरी सगळे थांबायचे, तांडेल आतून वर यायचे, एक डोळा मिटायचे आणि आपल्या त्या फाटक्या आवाजात "बसला!" म्हणायचे. मगच दोर सुटायचे. माझ्या बापानं समुद्र पाहिला नाही. पण त्याचा शब्द तिथं गोदीत चालत होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. कारण माझी स्वतःची परीक्षा अजून बाकी होती.

*

लढाई संपली आणि माघात मला पंधरा दिवसांची रजा मिळाली. निघताना तांडेलांना अटीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "घाबरतोस काय? तू लढाईची जहाजं जोडलीस, तुला तलाव जड जातो?" मी म्हणालो, "साहेब, तलाव नाही, बाप जड जातो."

सडक अर्जुनीला हायवेवर एका सरदारजींचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. कार्बाईडवर चालणारा गॅस वेल्डिंगचा सेट त्यांच्याकडे होता, आणि मागच्या अंगणात तेलाचे रिकामे ड्रम. मी माझी गोष्ट सांगितली. सरदारजी पोट धरून हसले आणि म्हणाले, "ले जा पुत्तर, आठ ड्रम ले जा. बाप से जीतना है तो मैं भी देखूँगा."

ड्रम कापले, ठोकून सपाट केले, वाकवले, जोडत गेलो. नऊ हात लांब, पुढून निमुळता. रस्त्यानं जाणारे ड्रायव्हर ट्रक थांबवून विचारायचे, "क्या है भाई, भैंसों का टब?" रजा संपत आली, गॅसही संपत आला. शेवटच्या दिवशी मी घाई केली. उजव्या अंगाचा लांब जोड एका दमात, सलग मारून टाकला. दोन सुना विसरलो.

ट्रकवर टाकून डोंगा घरी आणला. अंगणात कुशीवर टेकवून त्याला आतून चुना लावला आणि बाहेरून रॉकेल. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, कंदिलाचं तेल!" बाबा खाटेवरून बघत होते.

"काऊन गा, रॉकेलनं आंग धुऊन देऊन राहिला त्याचं?"

"गळतो का ते पाहून राहिलो, बाबा."

"पान्यात टाकला का समजते," बाबा म्हणाले आणि कूस बदलली.

चुना पांढराशुभ्र राहिला. कुठेही डाग नाही. त्या रात्री मला छान झोप लागली, आणि लागायला नको होती.

सकाळी सगळं गाव तलावाच्या पाळीवर. बायका, म्हातारे, सरदारजी त्यांच्या ट्रकवर उभे. गोल बांबूंवरून डोंगा ढकलला, आणि तो पाण्यात गेला. गेला आणि तरंगला! असा गलका उठला की तलावावरचे सगळे पक्षी उडाले. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी मला उचलायला धावलं.

आणि मग डोंगा हळूच उजव्या अंगाला कलला. फार नाही, चार बोटं. पण चार बोटं म्हणजे चार बोटं. जहाज असतं तर मी स्वतः "परत घ्या" म्हणालो असतो. एका दमात मारलेल्या जोडानं पत्रा ओढला होता, आणि मला तिथं उभ्या उभ्या तो कुठून ओढलाय हेसुद्धा दिसत होतं.

गलका थांबला. गावाला रीत माहीत होती. ज्यानं बनवला त्यानं म्हणायचं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं, पण तो शब्द काही निघेना. खोटं म्हणायचं कसं? काठावर उकिडवे बसलेले बाबा एक डोळा मिटून बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती, की आता तांडेलांना पत्र लिहायचं. नोकरी सोडतो म्हणून.

आई म्हणाली, "अजी, सांगा ना काय थे."

बाबा उठले. धोतर खोचलं आणि पाण्यात शिरले. डोंग्यापाशी जाऊन त्यांनी बोटांच्या गाठींनी पत्र्यावर टकटक केली, कान लावला. आत हात घालून तळावरून तळवा फिरवला. तळवा उलटा करून बघितला. कोरडा. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी फक्त 'नाही' म्हणून मान हलवायची होती. अट त्यांची होती, आणि ती ते जिंकले होते.

बाबांनी डाव्या काठाला हात टेकला आणि ते डोंग्यात चढले. शब्द पडायच्या आधी चढले! घरची रीत त्यांनीच मोडली. डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, हलत हलत त्यांनी नेमकी जागा शोधली आणि मांडी घालून बसले. डोंगा हळूहळू उठला. चार बोटांचा कल तीन झाला, दोन झाला, आणि डोंगा आरशासारखा सरळ झाला.

बाबांनी हात वर केला. "बसला!"

पाळीवरून कोणीतरी वात्रट ओरडलं, "कोन बसला जी, तुमी का डोंगा?"

"दोघंबी!" बाबा ओरडले.

मी रडलो. आज लिहायला लाज नाही वाटत, तेव्हाही नाही वाटली. सरदारजी ट्रकवर भांगडा करत होते, त्यामुळे माझ्याकडे तसंही कोणाचं लक्ष नव्हतं.

दुपारी जेवताना मी विचारलं, "बाबा, तुम्ही जिंकले होते. मी घरी राहिलो असतो. तुम्हाला थेच पाहिजे होतं ना?"

बाबा भाताचा घास घेत म्हणाले, "पाहिजे होतं. पन एवढ्या जाडीचं खोड आता कुठी भेटते गा? दोघाइले पुरंल एवढं लाकूड नाही राहिलं. तुह्या हातात लोखंड बरं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "उजव्या अंगाले घाई केली तू." हे त्यांनी पत्र्यावर टकटक करून ओळखलं होतं.

तो कल मी नंतर सहज काढू शकलो असतो. दर रजेत म्हणायचो, "बाबा, सरळ करून देऊ?" ते म्हणायचे, "कायले? माह्याशिवाय कोनी नेईन त्यापेक्षा वाकडाच बरा." आणि खरंच, ते गेले तोपर्यंत तो डोंगा दुसऱ्या कोणाला धड चालवता आला नाही. नंतर ज्याला न्यायचा तो डाव्या अंगाला एक मोठा दगड ठेवायचा. त्या जागेला अजून "पैकूची जागा" म्हणतात. त्यांना एकदा समुद्र दाखवायचा राहिला, ही एक खंत आहे. "त्याले पार नाही, पाहाचं काय?" म्हणून ते टाळत राहिले आणि मीही फार जोर केला नाही. करायला हवा होता.

*

यंदा आमच्या मच्छीमार संस्थेनं फायबरच्या नव्या होड्या घेतल्या. संस्थेच्या अध्यक्ष सिंधूबाई, माझ्या चुलतभावाची सून, मला म्हणाल्या, "काका, तो लोखंडी डोंगा भंगारात द्यावा म्हणून राहिले लोक." मी म्हणालो, "आठ दिवस दे मले."

पाच ठिकाणी ठिगळं मारली. चुना मिळाला, रॉकेल काही मिळेना. रेशनवरचं बंद झालं आणि दुकानातल्या पोरानं तर विचारलं, "म्हंजे काय असते?" शेवटी डिझेल लावलं. एक डाग उमटला, तो जोड पुन्हा मारला. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. पण जुना कल तसाच ठेवला. तो काढायला माझा हात धजला नाही.

तलावावरचा तो सगळा किस्सा मी रजेवरून परतल्याबरोबर तांडेलांना सांगितला होता; आता ते नव्वदीला टेकले आहेत. लेकीकडे असतात, पाय गेलेत, आवाज तेवढाच आहे. त्यांना मी दिवस सांगून बसलो होतो, ही चूकच झाली. सकाळपासून तीन फोन.

डोंगा पाण्यात सोडला. कलला, चार बोटं, जसाच्या तसा. मी दगड उचलायला वाकलो तर सिंधूबाई म्हणाल्या, "दगड कायले, काका? तुमीच बसा ना."

चढलो. डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, हलत हलत पैकूची जागा शोधली आणि मांडी घातली. डोंगा उठला. उठत उठत सरळ झाला, अगदी सरळ. म्हणजे माझं वजन आता बाबांएवढं झालं होतं, आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

पाळीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. ज्यानं बनवला त्यानं म्हणायचं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, या डोंग्यासाठी तो शब्द माझ्या तोंडून कधी पडला नव्हता. आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"ए गोंदिया! काय झालं ते सांग लवकर!"

मला टेलिफोनला हात लावायची मनाई आहे, लेखी. तरी लावला.

"बसला, साहेब!" मी ओरडलो. पाळीवरच्यांनी ऐकलं, पलीकडच्या काठाला ऐकू गेलं असेल.

फोनवरून मग तोच फाटका आवाज, हसू दाबत, "कोण बसला? तू का डोंगा?"

"दोघंबी!"